भरलेली जागा

दर सोमवारी संध्याकाळी सव्वासहाला दादा कामावरून परते आणि दारातच धाकटीच्या हातात एक तपकिरी पाकीट देई. तोवर तिने खिडकीखालचं टेबल आधी ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसून ठेवलेलं असे. पाकिटात चाळीस फोटो असत. प्रत्येक फोटोत काचेची एक गोल प्लेट आणि तिच्यावर लाल ठिपके. कुठे दहा, कुठे दोनशे.

दादा ज्या कंपनीत होता ती पाणी शुद्ध करून बाटल्यांत भरून विकत असे. गाळण्याआधीच्या आणि गाळल्यानंतरच्या पाण्याचे नमुने तिथल्या प्रयोगशाळेत तपासले जात. एकटा जंतू डोळ्यांना दिसत नाही. पण त्याला प्लेटवर खायला घालून दोन दिवस उबेत ठेवलं, की त्याचा वंश इतका वाढतो की टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका दिसू लागतो. ठिपके मोजले की मूळ पाण्यात जंतू किती होते ते समजतं. हे मोजण्याचं काम धाकटीकडे होतं.

तिची पद्धत ठरलेली होती. फोटोवर चौकटी आखलेला पारदर्शक कागद ठेवायचा, डावीकडून उजवीकडे जायचं, ठिपक्यावर सुईचं टोक टेकवायचं आणि डाव्या अंगठ्याने हातातलं मोजयंत्र दाबायचं. प्रत्येक प्लेट दोनदा. दोन आकड्यांत शंभरामागे पाचाहून जास्त फरक आला, तर तिसऱ्यांदा. मग आकडा तक्त्यावर आणि त्याचीच नोंद स्वतःच्या वहीत. शुक्रवारी सकाळी फोटो आणि तक्ता दादाबरोबर परत जात.

"वन्सं, जनगणना आटोपली असेल तर चहा घ्या," वहिनी म्हणाली आणि कप टेबलापासून हातभर लांब ठेवला. टेबलावर ओलं काही चालत नाही, हे ती पहिल्याच आठवड्यात शिकली होती.

"थांब गं. दोन ठिपके एकमेकांना चिकटलेत. एक धरू की दोन?"

"चूल वेगळी आहे का बघा. चूल वेगळी असेल तर दोन धरा."

धाकटी हसली आणि तिने दोन धरले.

ती सत्तावीस वर्षांची होती. सहाव्या वर्षी आलेल्या तापाने दोन्ही पायांतली ताकद गेली, तेव्हापासून ती चाकांच्या खुर्चीत होती. विज्ञानाची पदवी तिने घेतली ती दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत, जिथे दोन शिपाई तिला खुर्चीसकट वर नेत आणि तिसरा खालून "सांभाळून, सांभाळून" म्हणत असे. पदवीनंतर अकरा ठिकाणी तिने मुलाखती दिल्या. अकराही ठिकाणी तिच्या गुणांचं कौतुक झालं आणि अकराही ठिकाणी जिना आडवा आला. बाराव्या ठिकाणी, म्हणजे दादाच्या कंपनीत, तिला नेमणुकीचं पत्र मिळालं. प्रयोगशाळा तिथेही पहिल्या मजल्यावर होती आणि कारखान्याच्या दाराशीच पाच पायऱ्या होत्या. पण पत्रात लिहिलं होतं की दाराशी उतार बांधला जात आहे, तो पूर्ण होईपर्यंत काम घरून करावं.

त्याला दोन वर्षं होत आली होती. उताराचं काय झालं असं तिने विचारलं की दादा म्हणे, "सिमेंट आलंय," किंवा "कंत्राटदार पळाला," किंवा "होईल गं, तुला काय कमी आहे?" तिलाही खरं तर कमी काही वाटत नव्हतं. दुकानात गेली की ती पाण्याची बाटली उचलून तिच्यावरचा खेपेचा क्रमांक वाचे. आपल्या वहीत असल्यासारखा वाटला, की वहिनीला हळूच सांगे, "ही पी. ही माझ्या नजरेखालून गेलीय." अनोळखी माणसं विश्वासाने पाणी पितात आणि त्या विश्वासाचा एक धागा आपल्या टेबलावरून जातो, ही गोष्ट तिला पगारापेक्षा मोठी वाटत असे.

त्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, सतराव्या फोटोपाशी तिचा अंगठा थांबला.

प्लेटच्या कडेला सात ठिपके कोयत्याच्या पात्यासारखे वळून उभे होते आणि त्यांना चाटून केसाएवढी बारीक रेघ गेली होती. असं काहीतरी आपण आधी पाहिलंय, असं तिला वाटलं. नोकरीच्या तिसऱ्याच आठवड्यात अशी एक प्लेट आली होती; आकार मजेशीर वाटला म्हणून तिने ती पातळ कागदावर गिरवून वहीत चिकटवली होती. वही काढली. तिथे कोयता डावीकडे होता, इथे वर. आकडा तिथे एकशे त्रेचाळीस होता. तिने आज मोजले. एकशे त्रेचाळीस.

रेघ ही काचेवरचा ओरखडा असू शकते; तीच प्लेट धुऊन पुन्हा वापरली असेल. पण जंतू काही दरवेळी ठरलेल्या खुर्चीत बसत नाहीत. तिने गिरवलेला कागद सोडवून फोटोवर ठेवला आणि सावकाश फिरवला. पाव फेरा झाल्यावर एकशे त्रेचाळीसच्या एकशे त्रेचाळीस ठिपके एकमेकांवर बसले.

मग तिने उरलेले फोटोही मोजून काढले आणि या आठवड्याचे सगळे आकडे वहीतल्या सुरुवातीच्या पानांशी ताडून पाहिले. एखादा आकडा जुळणं साहजिक आहे. चाळीसपैकी अडतीस जुळले, फक्त क्रम बदललेला होता. उरलेले दोन तिने पुन्हा मोजले. त्यातल्या एकात दोन वर्षांपूर्वी तिचीच एकाची चूक झाली होती, दुसऱ्यात आज.

तिने वही मिटली. तिला एकच अर्थ दिसत होता: प्रयोगशाळेत कोणीतरी नमुने तपासतच नाही. जुन्या प्लेटचे फोटो नव्या खेपेच्या नावाने खपवले जातायत आणि तेच पाणी बाटल्यांतून बाहेर जातंय.

संध्याकाळी दादा बूट काढायला वाकला, तेव्हाच तिने सांगितलं.

"दादा, प्रयोगशाळेत कोणीतरी लबाडी करतंय."

"कसली लबाडी?"

"हा फोटो दोन वर्षांपूर्वीचा आहे. फिरवून छापलाय. वर लेबल या आठवड्याचं."

"दिसत असेल सारखा. ठिपक्यासारखे ठिपके."

"एकशे त्रेचाळीस, दादा. एकूण एक जागेवर." तिने कागद पुढे केला. त्याने तो घेतला नाही. "मी उद्या प्रयोगशाळेच्या बाईंना फोन करणार आहे. लोक पितात हे पाणी. लहान मुलं पितात."

"फोनबिन नको. मी बघतो."

"तू मध्ये पडूच नकोस. तू तिथलाच माणूस; उद्या तुझ्यावर शेकेल. माझ्या नावाने जाऊ दे."

दादाने एक बूट काढला होता, दुसरा पायात होता. तसाच तो दाराशेजारच्या स्टुलावर बसला.

"पाण्याला काही झालेलं नाही," तो म्हणाला.

"तुला काय माहीत?"

"पाण्याचं मोजतं ते मशीन. तू लागलीस त्याच्या आधीपासून आहे. प्लेट ठेवली की आकडा येतो." तो थांबला. "तुझा आकडा कुठे जात नाही."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"हे फोटो जुन्या फायलीतले आहेत. मशीन यायच्या आधीचे. साडेतीन हजारांच्या वर होते. गेल्या महिन्यात संपले. मग पुन्हा पहिल्यापासून… मी फिरवून छापत होतो. लेबलं मीच लावतो."

धाकटीने मोजयंत्र टेबलावर ठेवलं. ते तिच्या हातात का होतं, हे तिला कळलं नाही.

"आणि माझे तक्ते?"

"गोदामात आहेत. सगळे आहेत. मी एकही फेकलेला नाही," दादा म्हणाला. जणू ही एक गोष्ट तरी त्याच्या बाजूने धरावी.

"कोणी सांगितलं हे करायला?"

"साहेबांनी नाव मागितलं होतं. भरतीच्या साहेबांनी. म्हणाले, पटावर नाव हवंय, माणूस यायची गरज नाही. पगार घरी येईल. मला वाटलं, तू नुसती बसून पगार घेणार नाहीस. तुला मी ओळखतो. म्हणून मग हे काम मी… तू रिकामी बसू नयेस म्हणून."

"अहो," वहिनी म्हणाली, "दोन वर्षं मी बिल्डिंगभर सांगत फिरतेय, आमच्या वन्सं पाणी पास करतात म्हणून. मला तरी सांगायचंत. निदान कमी बोलले असते."

आतल्या खोलीतून आई आली. तिने धाकटीकडे पाहिलं नाही, मुलाकडे पाहिलं.

"त्याला बोलू नका. मीच म्हणाले होते त्याला, घे म्हणून. माणसं हिला गोणीसारखी उचलून जिना चढवायची, बघे उभे राहायचे. मला नाही बघवायचं. घरात सुखाने बसून काम करत होती, हसत होती. काय वाईट झालं?"

धाकटीला आठवत होतं, गेल्या वर्षी ताप असताना तिने चाळीस प्लेट दोनदा मोजल्या होत्या आणि आईने कपाळावर ओली पट्टी ठेवत म्हटलं होतं, "राहू दे की आज." ती म्हणाली होती, "आई, पाणी थांबत नाही." आई तेव्हा पट्टी बदलत राहिली होती.

कायदा सगळ्यांना माहीत होता. ज्या कारखान्यात साठांहून जास्त माणसं काम करतात, तिथे शंभरात तीन जागा अपंगांच्या. आणि नुसत्या जागा नव्हे, तर त्यांना तिथे पोचता यावं, काम करता यावं अशी सोयही मालकाने करायची. कायदा मोडायचा असला, तर हल्ली कोणी तो नाकारत नाही. तोंडभरून मान्य करतात. पटावर नाव चढवतात, पगार घरी पाठवतात आणि माणसाला दाराबाहेर ठेवतात. पगार चुकत नाही, त्यामुळे तक्रार होत नाही. घरचे खूश, कंपनी खूश. ज्याच्या नावावर हे चालतं, त्याला विचारण्याची पद्धत नाही. अशा पटांवर किती नावं आहेत, हे कोणी मोजलेलं नाही.

बुधवारी भरतीचे साहेब स्वतः घरी आले. हातात फळांची करंडी होती. गोड बोलणारे, पन्नाशीचे, प्रत्येक वाक्याआधी जरासं हसणारे.

"तुम्ही म्हणजे आमच्या घरच्याच," ते धाकटीला म्हणाले. "एक छोटंसं काम आहे. शुक्रवारी तपासणी आहे. एका मुलाने तक्रार ठोकलीय. ऐकू येत नाही त्याला. प्रयोगशाळेसाठी अर्ज केला होता. आम्ही लिहून दिलं, जागा भरलेली आहे. तर धावला कायद्याकडे. एकेकाचा स्वभाव असतो."

"मोजायला कान लागत नाहीत," धाकटी म्हणाली.

"नाही, ते बरोबर. पण जागा खरंच भरलेली होती ना. तुम्ही होता." साहेब हसले. "शुक्रवारी गाडी पाठवतो. एक दिवस या, टेबलाशी बसा. विचारलं तर एवढंच, रोज येते, समाधानी आहे."

"पायऱ्या?"

"उतार होतोय शुक्रवारपर्यंत."

"दोन वर्षांत झाला नाही, तो दोन दिवसांत?"

"मनात आणलं की सगळं होतं."

"मनात यायलाच दोन वर्षं लागली म्हणायची," वहिनी म्हणाली आणि करंडी उचलून साहेबांच्या बुटांशेजारी नेऊन ठेवली.

जाताना साहेब दादाला दाराबाहेर घेऊन गेले. दार पूर्ण लागलं नव्हतं. "हजेरीचं तेवढं सांभाळून घ्या," ते म्हणाले. "अक्षर तुमचं आहे."

दादा आत आला. धाकटीने विचारायच्या आधीच बोलला. "रोजच्या हजेरीवर तुझ्या सह्या मी करायचो. तू खरं बोललीस तर माझी नोकरी जाईल. नुसती नोकरी गेली तरी नशीब."

"तू गोदामप्रमुख कधी झालास?"

तो दाराची कडी लावू लागला. उत्तर तिला ठाऊक होतं: तिला नोकरी लागली तेव्हाच. त्याच महिन्यात घरात दोन आनंद एकदम आले होते आणि दोन्ही एकाच दिवशी साजरे झाले होते. तिला तेव्हा वाटलं होतं, घराला चांगले दिवस आलेत.

दोन दिवस आई तिच्याशी बोलली ती एकच वाक्य, निरनिराळ्या वेळी: "तो तुझा भाऊ आहे." धाकटी दर वेळी "हो" म्हणाली. ते खरंच होतं. तिला अडचण झाली होती ती त्याचीच.

शुक्रवारी तिने कारखान्याचं दार पहिल्यांदा जवळून पाहिलं. पाच पायऱ्यांवर लोखंडी पत्रा टाकला होता आणि त्यावर लाल गालिचा, भाड्याने आणलेला. कडेला दुकानाची चिठ्ठी तशीच होती. आत शिरताच समोरच्या भिंतीवर चौकटीत तिचाच मोठा फोटो होता. मुलाखत शहरातल्या कचेरीत झाली होती, त्या दिवशी काढलेला. खाली छापलं होतं: येथे सर्वांना समान संधी. दोन वर्षं ती इथे रोज येणाऱ्याजाणाऱ्याकडे पाहून हसत होती.

माल चढवायच्या लिफ्टमधून ती वर गेली. लिफ्ट रुंद होती, खुर्ची सहज मावली. म्हणजे दोन वर्षं आडव्या आल्या त्या फक्त पाच पायऱ्या.

प्रयोगशाळेत खिडकीजवळ एक रिकामं टेबल होतं, त्यावर तिच्या नावाची पाटी. पाटी नवी नव्हती; तिच्यावरची धूळ नुकतीच पुसल्याचं कोपऱ्यांत दिसत होतं. पांढऱ्या कोटातल्या एक बाई हातात प्लेट घेऊन आल्या. प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग धाकटीकडे.

"तुम्ही आहात होय," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं मी एक माणूस मागतेय. दर वेळी उत्तर येतं, जागा भरलेली आहे. कोण ही बाई, एकदा बघायची होती मला."

"तुमच्याकडे मशीन आहे ना?"

"आहे. पण चिकटलेले ठिपके त्याला एकच दिसतात. प्लेटच्या कडेचे तर धड दिसतच नाहीत. अशा प्लेट हातानेच मोजाव्या लागतात. संध्याकाळी मीच बसते डोळे फोडत."

बाईंनी हातातली प्लेट पुढे केली. धाकटीने ती घेतली. फोटो नव्हे, खरी काच. थंड होती आणि तिला किंचित आंबूस वास होता; दोन वर्षांत हा वास तिला कधी आला नव्हता. मशीनच्या पडद्यावर आकडा होता अठ्ठ्याऐंशी. तिने प्लेट उजेडाकडे धरली. सवयीने डावा अंगठा हलत होता.

"चौऱ्याण्णव," ती म्हणाली. "सहा जोड्या आहेत, चिकटलेल्या."

बाईंनी प्लेट परत घेतली आणि स्वतः मोजायला सुरुवात केली. त्या मोजत असतानाच तपासणीची माणसं आत आली.

तपासनीस एक वयस्क बाई होत्या, चष्मा गळ्यात अडकवलेला. मागे भरतीचे साहेब, त्यांच्या मागे हजेरीपट काखेत घेतलेला दादा. तपासनीस बाईंनी टेबलाजवळ स्टूल ओढलं आणि धाकटीच्या डोळ्यांच्या उंचीवर बसल्या.

"तुम्ही इथे काम करता?"

"त्या आमच्या फार जुन्या…" साहेब म्हणाले.

"प्रश्न मी यांना विचारलाय."

धाकटीने दादाकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता. तिला वाटलं, त्याने एकदाच वर पाहावं. मग काय करायचं ते सोपं होईल. त्याने पाहिलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा आले."

तपासनीस बाईंनी दादाकडून हजेरीपट मागून घेतला आणि उघडला.

"हजेरीवर दोन वर्षांच्या सह्या आहेत."

"माझ्या नाहीत."

"मग कोणाच्या?"

ती उत्तर देण्याआधी साहेबांनीच दिलं. या वेळी ते आधी हसले नाहीत. "यांच्या भावाच्या. हे गोदामप्रमुख. आम्हाला आत्ता कळतंय. विश्वासाने हजेरीपट यांच्या हाती दिला होता, तर घरच्या घरी हा उद्योग. पगार दोघांचा एकाच घरात. कंपनीची शुद्ध फसवणूक आहे ही."

दादाने आता वर पाहिलं. साहेबांकडे नव्हे, बहिणीकडे. दोन वर्षं ज्याच्या शब्दावर तो तिच्याशी खोटं वागला, त्याने अर्ध्या मिनिटात हात झटकले होते. आणि आता त्याला वाचवू शकेल असं माणूस खोलीत एकच होतं.

"सह्या दादाच्या आहेत," धाकटी म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "करायला सांगितलं साहेबांनी. बुधवारी ते आमच्या घरी आले होते. रोज येते असं सांग, असं मला म्हणाले. वहिनी साक्षीला आहे. दादाला कंपनीने फसवलेलं नाही आणि दादाने कंपनीला फसवलेलं नाही. दोघांनी मिळून मला फसवलं. आणि ज्याला जागा भरलेली आहे म्हणून परत पाठवलंत, त्या मुलाला. ते लिहून घ्या."

"चौऱ्याण्णव," प्रयोगशाळेच्या बाई मागून म्हणाल्या. "बरोबर आहेत यांचे."

तपासनीस बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुम्हाला काय हवंय? नुकसानभरपाई मागता येते."

"ही जागा हवीय. आणि खालचा पत्रा भाड्याचा आहे, तो संध्याकाळी जाईल. सोमवारी नऊ वाजता मला वर यायचंय."

पुढे घडलं ते असं: पत्रा हलवू नये असा लेखी हुकूम तिथेच निघाला. पक्का उतार साठ दिवसांत बांधायचा. तक्रारदार मुलाचा अर्ज पुन्हा उघडायचा. दादा त्याच दुपारी निलंबित झाला. साहेब त्या आठवड्यात तरी आपल्या खुर्चीत होते. चौकशी व्हायची होती, आणि तिच्यासाठी धाकटीने सगळी हकीकत स्वतःच्या हाताने लिहून सोमवारी द्यायची होती.

रविवारी सकाळी ती त्याच टेबलाशी लिहायला बसली. आई देवासमोर बसावं तशी भिंतीकडे तोंड करून बसली होती. दादाने दाढी केली नव्हती. कामाला जायचं नसलं की माणूस घरात कुठे उभा राहतो, हे त्याला अजून सापडलं नव्हतं.

"एक सांगू?" तो म्हणाला. "सगळं लिही. सह्या लिही, गोदामप्रमुख केलं ते लिही. मी नाही म्हणत नाही. पण एक तेवढं लिही, की तू रिकामी बसू नयेस म्हणून केलं. ते तर खोटं नाही ना? निदान शिक्षा ठरवताना ते बघतील."

"खोटं नाही," धाकटी म्हणाली. "लिहिते."

ती बराच वेळ लिहीत राहिली. वहिनीने चहा आणला आणि तिच्या हातालगत ठेवला. लिहून झाल्यावर धाकटीने कागद दादाकडे दिला.

"वाच. यात काही चुकीचं असेल तर दाखव. मी काढीन."

तो उभ्यानेच वाचू लागला. तारखा बरोबर होत्या. साहेबांचं बोलणं बरोबर होतं. शेवटच्या पानावर त्याने मागितलेलं वाक्य होतं, त्याच्याच शब्दांत: मी रिकामी बसू नये म्हणून माझ्या भावाने मला हे काम आणून दिलं. त्याच्याखाली आणखी तीन वाक्यं होती.

मी रिकामी बसले असते, तर महिन्याभरात मला कळलं असतं. मग मी तेराव्या ठिकाणी अर्ज केला असता. मला ते करू दिलं गेलं नाही.

"ही शेवटची काढशील?" त्याने विचारलं.

"त्यात चूक काय आहे?"

दादाने स्टूल ओढलं, खाली बसला आणि ती तीन वाक्यं पुन्हा वाचली. वहिनी दारात थांबली होती. आईने मान वळवून पाहिलं. मग त्याने पानं उलटली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली, सावकाश, ओळीखाली बोट धरून.